मॉर्बिड एंजलचा दुसरा अल्बम : वेग कमी करून काय कमावलं?

निखारा : फ्लोरिडाच्या मॉर्बिड एंजल या डेथ मेटल (अतिशय जड, आक्रमक रॉक) बँडचा पहिला अल्बम 'ऑल्टर्स ऑफ मॅडनेस' (१९८९) डोक्यावर घेणारे कितीतरी लोक 'ब्लेसेड आर द सिक'ला (१९९१) दुय्यम ठरवतात. म्हणे बँड मंदावला. मला हे मुळीच पटत नाही. पहिल्या अल्बममध्ये एक रिफ (गिटारची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) कानात बसेपर्यंत पुढची येऊन आदळते. दुसऱ्यातलं 'फॉल फ्रॉम ग्रेस' मात्र संथ, जड रिफने सुरू होतं आणि नंतर वेग सुटतो, तेव्हा तो अंगावर येतो. बँडला स्वतःचा आवाज इथे सापडला, असं माझं ठाम मत आहे.

खडकाळ : पूर्ण असहमत. आवाज आधीच सापडला होता. पहिल्या अल्बममधल्या 'इमॉर्टल राइट्स'ची सुरुवात आठवा, उलटी फिरवलेली गिटार! प्रयोग तेव्हाही होते, पण गाण्यात मुरलेले. दुसऱ्या अल्बमात ते वेगळे काढून ठेवलेत: 'डूम्सडे सेलिब्रेशन' कीबोर्डवर, 'डेसोलेट वेज' अकूस्टिक गिटारवर. शिवाय 'अनहोली ब्लास्फेमीज' आणि 'अबॉमिनेशन्स' ही तर १९८६ मध्येच रेकॉर्ड केलेली गाणी. जुना माल पुन्हा मांडला, यात प्रगती कसली?

रातकिडा : खडकाळ, जुन्या गाण्यांचाच मुद्दा घ्यायचा तर 'चॅपल ऑफ घोल्स'सुद्धा १९८६ चं आहे आणि ते पहिल्या अल्बमवर आहे. तिथे का चालतं? उलट बँड किती सुधारला ते बघायला याहून चांगली जागा नाही. १९८६ च्या रेकॉर्डिंगवर बँड समाधानी नव्हता, ते बाजूला ठेवलं गेलं आणि १९९१ मध्ये बाहेर आलं. त्यात माइक ब्राउनिंग ड्रम वाजवता वाजवता गातो. तीच गाणी पीट सँडोव्हलच्या ड्रम्सवर आणि डेव्हिड व्हिन्सेंटच्या आवाजात ऐका. सांगाडा तोच, पण डबल बास (दोन्ही पायांनी वाजवलेला बास ड्रम) घड्याळासारखा चोख आणि ग्रोल (गुरगुरल्यासारखं गाणं) खोल असूनही शब्द कळतात.

खडकाळ : व्हिन्सेंटच्या आवाजाबद्दल मान्य. पण चोख वाजवणं वेगळं आणि भीती वाटणं वेगळं. पहिला अल्बम ऐकताना आता सगळं कोसळणार असं सारखं वाटत राहतं. गिटारिस्ट ट्रे अझॅगथॉथचे सोलो तर हाताबाहेर गेल्यासारखे वाटतात आणि तरी नेमक्या जागी येऊन थांबतात. डेथ मेटलमध्ये मला हेच हवं असतं. दुसरा अल्बम मोझार्टला अर्पण केला म्हणून रिफ आपोआप थोर होत नाही.

निखारा : मोझार्टचा आधार मी घेतलेलाच नाही. क्रम बघा ना! 'डूम्सडे सेलिब्रेशन' संपताच 'डे ऑफ सफरिंग' सुरू होतं, दोन मिनिटांच्या आत आटोपणारं, बेफाम. ब्लास्ट बीट (ड्रम्सचा अतिवेगवान ठोका) तोच, पण आधी कीबोर्ड ऐकलेला असल्यामुळे तो दुप्पट लागतो. वेग कुठे वापरायचा हे कळणं यालाच मी परिपक्वता म्हणतो.

खडकाळ : 'डे ऑफ सफरिंग' जबरदस्तच आहे. ते कीबोर्डशिवाय लावून बघा, तितकंच लागतं. मी गेली कित्येक वर्षं तसंच ऐकतोय.