भागीदार वाढवा, अनुदान वाढवा

अमेरिकेत सरकारी शेती अनुदानाला माणशी सव्वा लाख डॉलरची मर्यादा होती, तरी तिथल्या एका काउंटीत (जिल्ह्यासारखा विभाग) एकाच फर्मला दहा लाख मिळाले म्हणजे घोटाळाच, असं काही जण म्हणतात. घोटाळा कसला, सगळं कायद्यात बसवलेलं आहे. मर्यादा माणसाला लागते. जनरल पार्टनरशिप (साधी भागीदारी फर्म) असेल तर प्रत्येक भागीदाराची वेगळी धरतात. आठ भागीदार दाखवले की झाले दहा लाख. २०१८च्या फार्म बिलाने (शेतीविषयक केंद्रीय कायद्याने) तर 'कुटुंबा'त भाचे, पुतणे, चुलत-मावसभावंडंही घातली, म्हणजे तीही भागीदार म्हणून दाखवता येतात. त्यांनी शेतात राबायलाच हवं असंही नाही, व्यवस्थापनात सहभाग दाखवला तरी भागतं. (शहरात बसून फोनवर शेती!) २०२५च्या कायद्याने मर्यादा १,५५,००० केली आणि आधी एकच माणूस धरल्या जाणाऱ्या एलएलसींनाही (मर्यादित जबाबदारीच्या कंपन्यांनाही) भागीदारांप्रमाणे मोजायची सोय केली.

शिवाय अनुदान घेणाऱ्यांच्या काउंटीवार याद्यांमध्ये नावानिशी दिसतात ती थेट अनुदानं. पीकविम्याच्या हप्त्यातला सरकारी वाटा सरासरी ६० टक्क्यांच्या वर असतो, त्याला माणशी मर्यादाच नाही, आणि तो कोणाला किती मिळाला ही नावं जाहीर करायला कायद्यानेच बंदी आहे. त्यामुळे यादीतला पहिला नंबर खरंच पहिला आहे का, हेही सांगता येत नाही.