डीआयसिंगला मराठीत काय म्हणावं?

बोरकूट: मंडळाच्या हिवाळी अंकासाठी विमानप्रवासावर लिहितेय. डीआयसिंगला, म्हणजे उड्डाणाआधी विमानावर साचलेला बर्फ काढण्याला, 'हिमनिर्मूलन' चालेल का?

जुनापाना: मला नाही पटत. निर्मूलन म्हणजे मुळासकट काढणं, देवीच्या रोगाचं झालं तसं. इथे पंख धुऊन काढले तरी वरून बर्फ पडत असेल तर तो परत धरतो. १३ जानेवारी १९८२ ला वॉशिंग्टनहून निघालेल्या एअर फ्लोरिडाच्या बोइंग ७३७ चं डीआयसिंग झालेलंच होतं. त्यानंतर उड्डाणाची परवानगी मिळेपर्यंत ४९ मिनिटं गेली, बर्फ पडतच होता. त्यात वैमानिकांनी इंजिनांचं अँटीआयसिंग, म्हणजे बर्फ धरू न देणारी यंत्रणा, चालू केलं नव्हतं. दाब मोजणारी नळी गोठली आणि काटे इंजिनांचा जोर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू लागले. धावपट्टीवर धावताना सहवैमानिकाने आकडे चुकताहेत असं बोलून दाखवलं, कॅप्टन थांबला नाही. विमान पुलावर आदळून पोटोमॅक नदीत कोसळलं. ७८ जण गेले, त्यातले चार पुलावरच्या गाड्यांमधले. म्हणून साधं 'बर्फ उतरवणं' म्हणा.

टपरीचा चहा: 'उतरवणं' छान. मग अँटीआयसिंगला 'बर्फरोध'?

रॅम्पवाला: हो, ही दोन कामं वेगळी लिहाच. मी हेच काम करतो. आधी नारिंगी, गरम टाइप १ द्रव मारून बर्फ काढायचा. मग गरज असेल तर नवा बर्फ धरू नये म्हणून हिरवा, दाटसर टाइप ४. तो पंखावर बसून राहतो आणि विमानाने वेग घेतला की ओघळून जातो. आकाशात त्याचा उपयोग शून्य. तो किती वेळ तग धरेल ते तापमान आणि पडतंय काय यावरून तक्त्यात बघतात. त्या होल्डओव्हर टाइमला 'टिकावकाळ' म्हणता येईल. गंमत म्हणजे घड्याळ शेवटचा थर मारायला *सुरुवात* केली की लागतं, मारून झाल्यावर नाही. मोठ्या विमानाला तेवढ्यातच बरीच मिनिटं जातात.

बोरकूट: आणि टिकावकाळ उलटला तर? जबाबदारी तुमची?

रॅम्पवाला: आम्ही काय मारलं, कधी सुरू केलं ते कळवतो. निघायचं की नाही हे कॅप्टनचं. अमेरिकी नियमात वेळ उलटली तर टेकऑफच्या आधीच्या पाच मिनिटांत पंख तपासून स्वच्छ असल्याची खात्री करायची, नाहीतर परत फवारा. उशीर होतोय म्हणून सूट नाही. प्रवाशांच्या शिव्या मात्र आम्हाला.

जुनापाना: नियमात फ्रॉस्ट, आइस, स्नो असे तीन शब्द आहेत, आपण तिन्हींना 'बर्फ' म्हणून मोकळे. स्नोला 'हिम', आइसला 'बर्फ' ठेवू. फ्रॉस्टचं काय?

टपरीचा चहा: 'तुषार'?

जुनापाना: तो हिंदीतला अर्थ. आपल्याकडे तुषार म्हणजे शिंतोडे, तुषार सिंचनातले. फवाऱ्याच्या लेखात भलताच घोळ होईल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाजवळ थंडीत गवत पांढरं होतं तेव्हा पेपरवाले 'दवबिंदू गोठले' लिहितात. 'गोठलेलं दव' घ्या, दोन शब्द झाले तरी हरकत नाही.

बोरकूट: घेतलं. पण टाइप १, टाइप ४ आहेत तसेच ठेवते हं!