पाली करून चिनी शिकायचंय, नागपुरातून काही रस्ता आहे का?

चौकटीची_वही:
मी नागपूरची, बीए फायनलला, पाली घेतलंय. दीड वर्ष झालं मोबाईलवर चिनी शिकून राहिली, गणिताच्या चौकटीच्या वहीत रोज दहा अक्षरं गिरवते. मधे एका क्लासला गेली होती, पूर्ण फी घेतली अन् तीन महिन्यात सरच गायब, ग्रुपवर नुसते गुड मॉर्निंगचे फोटो. आता पुढे यातच एमए, जमलं तर पीएचडी करायचीय. जेएनयूचा फॉर्म भरू का? बाबा म्हणतात चिनी शिकून काय सदरला नूडल्सची गाडी टाकतेस का.

दिल्लीत_अडकलेला:
जेएनयूत चिनीचं बीए शून्यापासून सुरू होतं, पण एमएला आधीच भाषा येत असली पाहिजे, तिथं तुझं मोबाईलवालं चिनी पुरणार नाही, राग नको मानू. त्यापेक्षा दिल्ली युनिव्हर्सिटीच्या ईस्ट एशियन स्टडीजमधे पदवीनंतरचा इंटेन्सिव्ह डिप्लोमा बघ. शांतिनिकेतनचं चीना भवनपण आहे, १९३७ पासूनचं, रवींद्रनाथांनी सुरू केलेलं.

बुटीबोरी_पॅसेंजर:
दिल्ली काहून बापा, वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात चिनी शिकवतात न! यंदा कोणता कोर्स चालू आहे ते जाऊनच विचार, वेबसाईटच्या भरवशावर राहू नको.

जुना_पालीवाला:
दोघंही बरोबर बोलून राहिले, पण पोरी तुझा हुकमाचा पत्ता पाली आहे, चिनीच्या नादात तो फेकू नको. निव्वळ चिनी येणारी पोरं पुष्कळ सापडतील, पाली अन् चिनी दोन्ही वाचणारी किती? विमुत्तिमग्ग नावाच्या बौद्ध ग्रंथाचं मूळ पाली हरवलं, पूर्ण ग्रंथ टिकला तो चिनी भाषांतरात, अन् त्याची विसुद्धिमग्ग या दुसऱ्या पाली ग्रंथाशी तुलना पुण्याच्या पु. वि. बापटांनी करून १९३७ मधेच छापली होती, म्हणजे मराठी माणसानं हा रस्ता कधीचाच पाडून ठेवलाय, आपणच तिकडून जाणं सोडलं. दुसरं म्हणजे तैवानची हुआयू एनरिचमेंट स्कॉलरशिप बघ, तिथं जाऊन भाषा शिकायला महिन्याला पैसे देतात, विमानाचं तिकीट अन् फी मात्र आपल्याला पाहावी लागते. अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चात निघतात. तैवान म्हणतो कारण तिथं जुनी, पूर्ण अक्षरं शिकवतात अन् बौद्ध ग्रंथ त्याच अक्षरांत आहेत. तू मोबाईलवर सोपी केलेली शिकली असशील. बौद्ध आचार्य नागार्जुनाला चिनीत लोंगशू म्हणतात, लोंग म्हणजे ड्रॅगन, नागासाठी त्यांनी तोच शब्द घेतला, अन् शू म्हणजे झाड. हा लोंग सोप्या लिपीत ५ रेघांत होतो, जुन्या लिपीत १६ लागतात. लिहून बघ.

दिल्लीत_अडकलेला:
काका हे मला चार वर्षांआधी सांगायचं न.

चौकटीची_वही:
लिहिला काका. एका चौकटीत मावतच नाही, चार चौकटी खाल्ल्या अन् तरी शेपूट बाहेर. बाबा मागून पाहून राहिले होते, म्हणे हा आपल्या नाग नदीतला का? पण नूडल्सचं काही बोलले नाही. सोमवारी वर्ध्याला चालली चौकशीला, कोणी येतं का सोबत?