मदत हवी आहे: चिगर चावल्याची रात्रीची खाज, आणि कपड्यांवरचा स्प्रे

इंदूरजवळच्या चोरलकडे उंच गवतातून फिरून आल्यावर मला आणि सात वर्षांच्या लेकीला कमरेच्या इलॅस्टिकखाली आणि मोज्यांच्या कडेला लाल, टणक फोड आलेत. डॉक्टर म्हणाले, चिगर माइटच, म्हणजे गवतातल्या बारीक किडीची अळी. साबण लावून आंघोळ, कपडे गरम पाण्यात, बर्फ, कॅलामाइन, त्यांनी दिलेलं सिट्रिझिन, सगळं झालंय. दिवसा बरं असतं, पण रात्री लेक झोपेत खाजवून रक्त काढते. नखं कापलीत.

शेजारच्या काकू नेलपॉलिश लावायला सांगतात. पण ही अळी कातडीत घर करून बसत नाही, चावून गळून पडते, मग गुदमरवायचं कुणाला? ताप नाही, काळी खपली नाही. चिगरमुळे होऊ शकणाऱ्या स्क्रब टायफस तापाच्या धास्तीने रोज नीट बघतेय. घरात बाकी कुणालाच खाज नाही.

पावसाळ्यातच पुन्हा जानापावच्या डोंगरावर जायचंय. कपड्यांवर मारायचा पर्मेथ्रिन (कीटकनाशक) स्प्रे दवा बाजारात विचारला, तर त्याच औषधाचं खरजेचं मलम हातात ठेवतात. ते मला नकोय. इंदुरात हा स्प्रे नक्की कुठे मिळतो? आणि एवढ्या लहान मुलांच्या रात्रीच्या खाजेवर तुमच्याकडे कशाने खरंच आराम पडला?