मदत हवी आहे: खिशातला मल्टिटूल चाकू कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. सोलापुरात चादरींच्या दुकानात कामाला आहे. दिवसभर गठ्ठ्यांची सुतळी नि पॅकिंगपट्टी कापायची, रविवारी नान्नजच्या माळरानावर नाहीतर हिप्परग्याच्या तलावावर पक्षी बघायला जायचं. दोन्हीकडे चालेल असा एकच चाकू हवाय.

आधीचा स्वस्तातला होता. गेल्या महिन्यात बाभळीची फांदी कापताना पातं अचानक मिटलं आणि तर्जनीला तीन टाके पडले. तेव्हापासून घरचे चाकू हातात घेऊ देत नाहीत.

व्हिक्टोरिनॉक्सचा हंट्समन मनात भरलाय. ९१ मिमी लांबी, करवत, कात्री, शिवाय पायात मोडलेला काटा काढायला चिमटा. माळावर हिंडणाऱ्याला त्याची किंमत कळते! पण त्याचं पातं लॉक होत नाही, पक्कडही नाही. लेदरमनच्या विंगमनला दोन्ही आहे, मात्र करवत नाही आणि वजन जवळपास २०० ग्रॅम, म्हणजे हंट्समनच्या दुप्पट.

रोज वापरणाऱ्यांनी सांगा: पक्कड खरंच लागते का? एवढं वजन पँटच्या खिशात दिवसभर सोसतं का? की व्हिक्टोरिनॉक्सचाच १११ मिमीचा, लॉकवाला घेऊ? पुढच्या पगाराला घ्यायचाय.