गेममधल्या बाईला मुंढा टोचत नाही : बहिणीला डिजिटल फॅशनला पाठवावं का?

शिलाईवाल्याचा_पोरगा (परभणी)

आमचं परभणीत लेडीज टेलरिंगचं दुकान आहे. बाबा तीस वर्षांपासून कटोरी ब्लाऊज शिवतात. बहिणीनं बारावीनंतर निफ्टची (सरकारी फॅशन संस्थेची) परीक्षा दिली, नंबर लागला नाही. आता पुण्याच्या एका खाजगी संस्थेचं माहितीपत्रक उशाला घेऊन झोपायलीय. तीन वर्षांचा डिजिटल फॅशन डिझाईनचा कोर्स, व्हर्च्युअल जगासाठी आणि गेमसाठी कपडे करायला शिकवणारा. फी साडेपाच लाख. राहणं-खाणं वेगळं.

माझं मत सांगतो. हा पैसा पाण्यात.

माहितीपत्रकाच्या पहिल्याच पानावर गुच्चीच्या पर्सची गोष्ट आहे. २०२१ मध्ये रोब्लॉक्स या गेममध्ये गुच्चीची डिजिटल पर्स कुणीतरी साडेतीन लाख रोबक्सना (रोबक्स म्हणजे त्या गेममधलं चलन) घेतली. डॉलरमध्ये चार हजारांच्या वर. खरी पर्स दुकानात त्याहून स्वस्त होती! बहीण म्हणते, बघ दादा. मी म्हणतो, तूच नीट बघ. तीच पर्स गेममध्ये पहिल्यांदा विकायला आली तेव्हा ४७५ रोबक्सना होती. वरचा सगळा मलिदा पुन्हा विकणाऱ्याचा. जिनं कुणी बसून ती पर्स काढली, तिला महिन्याचा पगार मिळाला असेल, बस.

दुसऱ्या पानावर नायकेनं आरटीएफकेटी ही डिजिटल बुटांची कंपनी विकत घेतली, ही बातमी. ती डिसेंबर २०२१ ची. डिसेंबर २०२४ मध्ये त्याच कंपनीचं दुकान बंद करत असल्याचं जाहीर झालं, ते पान छापायचं राहून गेलं वाटतं.

बाबांचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, अर्धा इंच चुकला तर बाई दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडायच्या आधी दारात उभी असते. गेममधल्या बाईला मुंढा टोचत नाही. मग या पोरींना नेमकं शिकवायलेत तरी काय? विरोधात बोलायचं असेल तर खुशाल बोला, फक्त "जमाना बदललाय" एवढं लिहून पळू नका.

लातूरचे_मास्तर

शंभर टक्के सहमत. पंधरा वर्षं लातूरला अकरावी-बारावीला शिकवतोय. फेसबुकनं ऑक्टोबर २०२१ मध्ये कंपनीचं नाव मेटा केलं आणि पुढच्या उन्हाळ्यात निम्म्या संस्थांच्या बोर्डावर मेटाव्हर्स, म्हणजे हेच व्हर्च्युअल जग, आलं. आता त्याच बोर्डावर तोच पेंटर एआय लिहून गेलाय. आत बाकडी तीच, शिकवणाराही तोच.

लेकरू हुशार असेल तर एक वर्ष रिपीट करू द्या, नाहीतर सरळ बीएस्सीला घाला. गेम खेळणं हा धंदा नाही आणि गेममधल्या बाहुल्यांना कपडे घालणं तर नाहीच नाही.

जालन्याचा_थ्रीडी

मास्तर, रिपीट करून करून पंचविशीला गावी परतलेली पोरं माझ्याही गल्लीत आहेत. त्यांचे फोटो कुठल्या बोर्डावर दिसले नाहीत. असो, तो वाद वेगळा.

मी जालन्याचा, सात वर्षं पुण्यात गेम स्टुडिओत कॅरेक्टर आर्टिस्ट, म्हणजे गेममधली पात्रं घडवणारा. माझ्या कामात निम्म्याहून जास्त वेळ कपड्यांत जातो, म्हणून मुंढ्याबद्दल लिहितो.

आम्ही मार्व्हलस डिझायनर हे सॉफ्टवेअर वापरतो. गारमेंटवाले क्लो वापरतात. दोन्ही एकाच कोरियन कंपनीची. यांत कपडा मातीसारखा घडवत नाहीत, बेततात. पुढचा भाग, मागचा भाग, बाही, सगळं सपाट कापायचं. कुठली कड कुठल्या कडेला शिवायची ते दाखवायचं. कापड सुती की रेशमी, किती जड, किती ताणलं जाणारं, हे आकडे भरायचे आणि मग पुतळ्यावर सोडायचं. मुंढा चुकला की काखेत ज्या चुण्या खऱ्या ब्लाऊजला पडतात त्याच तिथं पडतात. कापड कुठं ताणलंय ते लाल रंगात दिसतं. बाई टोचतंय म्हणून सांगणार नाही, हे खरं. पण पात्रानं तलवार उचलायला हात वर केला आणि अख्खा झगा कमरेवरून वर आला, तर आमचा आर्ट डायरेक्टर दारात उभा असतो. तो तुमच्या गिऱ्हाइकापेक्षा वाईट, कारण तो घरी जात नाही.

ही झाली मजेची बाजू. पुढचं काम माहितीपत्रकात नसतं. कॉम्प्युटरमधला कपडा बारीक त्रिकोणांच्या जाळीचा असतो, आणि बेतून झालेल्या एका घागऱ्यात लाखांनी त्रिकोण निघतात. रोब्लॉक्सवर कपड्याच्या एका वस्तूला मर्यादा चार हजार त्रिकोणांची. मग सगळी जाळी हातानं पुन्हा नव्यानं घालायची, याला आम्ही रिटोपो म्हणतो. कपडा उसवून सतरंजीसारखा सपाट पसरायचा, ते यूव्ही. बारीक चुण्या खऱ्या न ठेवता नुसत्या चित्रात उतरवायच्या, म्हणजे नॉर्मल मॅप बेक करायचा. शेवटी प्रत्येक भाग पात्राच्या हाडांना बांधायचा, की गुडघा इतका वाकला तर कापड किती जाईल. इथं मान मोडते आणि बरीच पोरं इथंच सोडून जातात.

एक गंमत सांगतो. सहावारी साडी गेममध्ये डोकेदुखी. पात्र पळायला लागलं की गुडघा निऱ्यांतून आरपार बाहेर. नऊवारी मात्र सोपी! काष्टा घातला की दोन पाय वेगळे होतात, धोतरासारखे बांधता येतात. घोड्यावर बसा, उडी मारा, काही होत नाही. आपल्या आज्यांनी हे शेतात काम करताना शोधून काढलं, मला ते तीन रात्री जागल्यावर कळलं.

आणि शिलाईवाल्या दादा, साडेपाच लाख मी पण देणार नाही. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे. ग्राफिक्स कार्डवाला बरा लॅपटॉप घ्या आणि एक वर्ष घरात बसवा तिला. आमच्याकडं मुलाखतीला कुणी सर्टिफिकेट उघडत नाही, केलेलं काम बघतात. पुण्यात स्टुडिओ आहेत. "राजी" हा गेम पुण्यातच बनला, २०२० मध्ये आला. "इंडस" पण पुण्याचाच, २०२४ चा. पण खोटं कशाला बोलू, जागा थोड्या आणि पोरं फार आहेत.

पैठणचा_माग

वर काष्ट्याचं वाचून हसू आलं, पण माझा राग वेगळा आहे.

आमच्या घरात चार पिढ्या माग आहे. खरी पैठणी कशी ओळखायची? पदर उलटा करायचा. हातमागावर मोर प्रत्येक रंगाच्या वेगळ्या कांडीनं भरतात, म्हणून उलटीकडूनही तो तितकाच साफ दिसतो. पॉवरलूमची उलटी केली की मागं धागेच धागे लोंबतात. माझ्या पुतण्यानं कुठल्यातरी गेमसाठी केलेली "पैठणी" दाखवली. मी म्हणालो, उलटी कर. तर म्हणे, काका, मागची बाजूच नाही. गेम ती दाखवतच नाही, कॉम्प्युटरवर लोड नको म्हणून.

जिची ओळखच पाठीमागं आहे, तिची पाठच नाही! हे शिकायला साडेपाच लाख? आणि तो मोर कुठून आणला? इंटरनेटवरच्या फोटोतून. आमच्या मागावर कधी येऊन बसला नाही.

जालन्याचा_थ्रीडी

काका, पाठीचं खरं आहे. साधारणपणे कपड्याची आतली बाजू दाखवायची नाही, अशी सेटिंग असते. एक खूण केली की दोन्ही बाजू दिसतात, पण मेहनत वाढते म्हणून टाळतात. तुमच्या पुतण्याला सांगा, पदरापुरती तरी करच.

पण मी उलटं म्हणेन. धूपछाव रंगाची पैठणी, ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या, ती हलली की रंग बदलतो. तो बदल स्क्रीनवर आणायला शेडर, म्हणजे रंग-चकाकी ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, लिहावा लागतो आणि तो लिहिणाऱ्याला ताणा-बाणा माहीत असावा लागतो. बाहेरच्या देशातला आर्टिस्ट काय करतो? जरीकाम दिसलं की सोन्याचा पत्रा लावतो. साडी नाही, चिलखत वाटतं. तुमच्या मागावर महिनाभर बसलेली पोरगी हे काम त्याच्याहून चांगलं करेल. तिला पगार जास्त मिळेल का, ते माहीत नाही.

फेटियावाली (किनवट)

इथं सगळे काका-मास्तर बोलायलेत, म्हणून लिहिते. मी तांड्यावरची, बीए दुसरं वर्ष. ब्लेंडर मोबाईलवर व्हिडिओ बघून शिकले, लॅपटॉप मामेभावाचा जुना.

आमच्या आजीचा फेटिया (बंजारा घागरा) आणि काचोळी (चोळी) मी एका गेमच्या बाजारात विकायला टाकली. आरसे, कवड्या, नाणी, सगळं चार हजार त्रिकोणांत बसवायचं म्हणजे आरसा खरा करताच येत नाही. मी आरसा नुसता चित्रात ठेवला आणि तेवढ्याच जागेला चकाकी दिली. पात्र नाचलं की लखलखतं. आजीला दाखवलं तर ती म्हणाली, घुंगराचा आवाज कुठाय?

कमाई विचाराल तर आठ महिन्यांत एवढी झाली की लॅपटॉपची बॅटरी बदलली आणि वर थोडं उरलं. प्रत्येक विक्रीतला मोठा वाटा बाजारवाल्याचा. डिझाईन कुणीतरी उचललं आणि निम्म्या किमतीला टाकलं. तक्रार केली, ते गेलं, दुसऱ्यानं परत टाकलं.

तरी करणार. दादा, बहिणीला एक सवाल विचारा फक्त. तिला कपडे करायचेत का तिला पुणे बघायचंय? दोन्ही चूक नाहीत, पण दुसऱ्यासाठी फी कमी लागते.

उसाचा_फड (बीड)

पोरीचं कौतुक आहे, पण दुसऱ्याच्या रानात घर बांधल्यासारखं आहे हे. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारनं पब्जी मोबाईल बंद केला, फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायर. रात्रीतून. माझ्या भाच्यानं बापाच्या उचलीच्या पैशातून एका गेममधले कपडे घेतले होते. घरात जे व्हायचं ते झालं. घेणाऱ्याच्या हातात काही नाही, मग शिवणारीच्या हातात काय राहणार?

तिरुपूर_रिटर्न (नांदेड)

सगळे गेममध्येच अडकलात. मी सहा वर्षं तमिळनाडूत तिरुपूरला, कपड्यांच्या कारखान्यांच्या गावात, मर्चंडायझर होतो, म्हणजे बायरच्या ऑर्डरी सांभाळायचो. पूर्वी एका टी-शर्टचं सॅम्पल परदेशी कुरिअरनं जायचं, बायर म्हणायचा गळा अर्धा सेंटीमीटर वर घ्या, परत सॅम्पल, परत कुरिअर, यात महिना जायचा. आता बरेच बायर क्लोमधलं थ्रीडी सॅम्पल बघून पहिल्या दोन-तीन फेऱ्या तिथंच उरकतात. ते करणारी माणसं गारमेंट कंपन्यांना लागतात आणि त्यांना पॅटर्न कटिंग यावंच लागतं. टेलरच्या घरातली पोरगी आहे ना? तिचं निम्मं शिक्षण दुकानात झालंय. माहितीपत्रकात "गेमिंग"च्या जागी "गारमेंट" वाचा, बघा मन बदलतंय का.

लातूरचे_मास्तर

म्हणजे शेवटी खऱ्या कपड्यांवरच आलात! आणि एआयचं काय? उद्या एका ओळीत लिहिलं की झगा तयार.

जालन्याचा_थ्रीडी

मास्तर, आजही तयार होतो. दिसायला झक्कास. उलगडून बघितलं तर बाही पाठीला चिकटलेली आणि शिवण कुठंच नाही. तो दुरुस्त करायला मलाच बसवतात. पुढं काय होईल ते मी सांगू शकत नाही, तुम्ही पण सांगू नका.

पैठणचा_माग

पुतण्याला खूण करायला लावली. पाठ आली. मोर उलटा-सुलटा सारखाच दिसतोय, ते बरं. रंग चुकलाय, मुनियाचा (काठावरच्या पोपटाचा) हिरवा असा नसतो. रविवारी मागावर बसवतोय त्याला.

शिलाईवाल्याचा_पोरगा (परभणी)

चार दिवसांनी लिहितोय, लग्नसराई आहे, दुकानात गर्दी होती.

क्लोची चाचणीसाठी मिळणारी प्रत बहिणीनं मित्राच्या लॅपटॉपवर टाकली. रात्री दुकान बंद झाल्यावर बाबांच्या वहीतलं एक जुनं माप घेतलं, छत्तीस छाती, आणि कटोरी ब्लाऊज बेतायला बसली. बाबा आधी लांबून बघत होते. मग स्टूल ओढून घेतलं. तिनं पुतळ्यावर ब्लाऊज सोडला, ते लाल-पिवळे रंग यायच्या आधीच बाबा म्हणाले, "मुंढा आवळलाय, बाई हात वर करू शकणार नाही." तिनं रंग लावून दाखवले. काखेत लाल भडक. नंतर दोघं साडेबारापर्यंत उरेब पट्टीवरून भांडत होते, सॉफ्टवेअरमध्ये धाग्याची दिशा तिरपी कशी फिरवायची ते दोघांनाही सापडेना.

माझं फीबद्दलचं मत तेच आहे. पुण्याला नाही म्हणालो, ती दोन दिवस बोलली नाही. लॅपटॉपचे भाव काढलेत, नांदेडला आणि संभाजीनगरला सात हजारांचा फरक येतोय. थ्रीडीभाऊ, १६ जीबी रॅम पुरेल का ३२ च घेऊ? आणि ती तिरपी दिशा कुठून फिरवतात तेवढं सांगा, बाबा सकाळपासून दोनदा विचारून गेलेत.