मदत हवी आहे: छोट्या स्वयंपाकघरात कपाटांच्या शटरला (दारांना) कोणता रंग, कोणतं मटेरियल?

स्वयंपाकघर ८ बाय ६ फूट, एल आकाराचा ओटा. खिडकी एकच, तीही उत्तरेला, त्यामुळे भर दुपारीही दिवा लागतो. ओट्याचा काळा ग्रॅनाइट आणि खालची फिकट करडी फरशी तशीच ठेवायची आहे. बदलायचं ते फक्त शटर, डॅडोच्या (ओट्यामागच्या भिंतीवरच्या) टाइल्स आणि भिंतीचा रंग. कपाटांचा सांगाडा बीडब्ल्यूपी (पाण्याला टिकणाऱ्या) प्लायचाच; एमडीएफ (लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड) सुचवू नका, सिंकखाली ओल येते.

लॅमिनेटचे नमुने ग्रॅनाइटवर उभे करून पाहिले. शुभ्र पांढरा दिवसा निळसर दिसतो, क्रीम रात्री ६५०० केल्विनच्या (निळसर पांढऱ्या) दिव्याखाली मळकट. (दिवा ४००० चा, म्हणजे कमी निळसर, करणारच आहे.) फिकट राखाडी-हिरवा आवडला, पण वर-खाली तोच लावला तर जागा आणखी दाटेल असं वाटतंय. चकचकीत अ‍ॅक्रिलिकने उजेड वाढतो हे खरं, पण हँडलपाशी बोटांचे ठसे उमटतात आणि पुसणारी मीच!

खाली हिरवा, वर ऑफव्हाइट केलं तर डॅडो कोणत्या रंगाचा घ्यावा? आणि शेगडीशेजारी मॅट लॅमिनेट काही वर्षं वापरलेल्यांनी सांगा, तेलाचा चिकट थर साबणाच्या पाण्याने निघतो की डाग धरतो?